आधी पाणी, मग तेल

दिवाळी आटोपली आणि आठ दिवसांत अमरावतीच्या हवेतली ओल पळाली. सकाळी तोंड धुतलं की गाल ताणले जातात, ओठांवरून जीभ फिरवायचा चाळा लागतो, आणि सुती पातळसुद्धा टाचांच्या भेगांत अडकतं. परवा माझी नात कल्याणी अंगणात उन्हाला पाय पसरून बसली होती आणि नखांनी पोटऱ्या खाजवत होती. नखामागे पांढऱ्या रेघा उठत होत्या. गेल्या महिन्यात तिच्या रक्ताची तपासणी झाली आणि थायरॉईड निघाला. तेव्हापासून ती रोज उठल्याबरोबर उपाशीपोटी गोळी घेते आणि उरलेला दिवस स्वतःच्या कातडीवर चिडण्यात घालवते.

"आजी, ही क्रीम काही कामाची नाही," ती म्हणाली आणि ट्यूब बाजूला फेकली. आंघोळ होऊन तासभर झालेला, अंग कोरडं ठणठणीत, आणि त्यावर बाईसाहेब क्रीम चोपडत होत्या. मी ओला पंचा आणला, तिचे पाय टिपले आणि पाणी वाळायच्या आत तिळाचं तेल लावायला बसले.

"आधी पाणी, मग तेल. उलटं केलंस तर तेल नुसतं वर बसतं."

"हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?"

"अकोल्याच्या. पण शिकवलं तुझ्या पणजीनं."

तिने वळून पाहिलं. पणजीचा तिला फक्त फोटो माहीत. पण हनुवटी तीच, हट्ट तोच, आणि आता गळ्यातलं हे दुखणंही तेच आलं आहे. लोक पिढीजात दागिने मिरवतात. आमच्या घरात दागिने फार नव्हते, त्यामुळे जे आलं त्याचाच मी तोरा मिरवते.

माझं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, लढाई चालू होती आणि रॉकेल मिळायची मारामार होती. मी अमरावतीच्या शाळामास्तरांची मुलगी, सातवी पास, आणि कापूस म्हणजे वाती आणि गाद्या एवढंच जाणणारी. सासर अकोटपासून दोन कोसांवर. काळीभोर जमीन, नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी. कपाशीच्या झाडाला तिकडे पऱ्हाटी म्हणतात हेसुद्धा मला तिथे गेल्यावर कळलं. कार्तिक लागला आणि बोंडं फुटायला लागली, तेव्हा पहिल्यांदा मी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून तो पांढरा विस्तार पाहिला.

त्या हंगामाचे वास अजून नाकात आहेत. दवाने भिजलेल्या पाल्याचा कडवट वास, ताज्या कापसाचा किंचित सरकीसारखा, तेलकट वास, वेचणाऱ्या बायांच्या फडक्यातल्या ज्वारीच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास. अकोटच्या रस्त्याने गेलं की जिनिंग कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा आणि दोन्हीकडच्या बाभळींच्या काट्यांना गाड्यांतून उडालेल्या कापसाचे पुंजके लागलेले दिसायचे. आज त्या रस्त्याला एस.टी. जाते. खिडकीतून पाहिलं तर पुंजके अजून दिसतात.

आणि त्या साऱ्या पांढऱ्या रानात माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. मालकीणबाई असून त्या स्वतः वेचायला उतरायच्या, कारण त्यांच्यासारखं वेचणं पंचक्रोशीत कोणाला जमत नव्हतं. कंबरेला ओटी बांधायची आणि दोन्ही हात एकदम चालवायचे. बोंडातला कापूस असा उचलायचा की वाळक्या पाल्याचा एक कणही सोबत येऊ नये. अकोटच्या बाजारात आमची गाडी सोडली की व्यापारी मूठभर कापूस उचलून म्हणायचा, "हे बाईचं वेचणं दिसते." त्याला नाव माहीत नव्हतं, हात माहीत होता. हे मामंजी, म्हणजे माझे सासरे, घरी येऊन सांगायचे आणि आत्याबाई ऐकू न आल्यासारखं करून चुलीतलं लाकूड पुढे सारायच्या. पण त्या दिवशी वरणात तूप जरा जास्त पडायचं.

त्या वर्षी मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. मी नवी, त्यामुळे मला आधीच्या आत्याबाई माहीत नव्हत्या. मला वाटलं, या अशाच असतील: सावकाश बोलणाऱ्या, घोगऱ्या आवाजाच्या, भर दुपारीही अंगावर घोंगडं ओढून बसणाऱ्या. पापण्या सुजलेल्या, भुवया टोकाकडून विरळ. कातडी कोरडी तर इतकी, की बांगड्या मागे सरकवल्या की मनगटावरून भुसा उडायचा. गावात जो तो आपलं शहाणपण सांगून जायचा. कोणी म्हणालं वय झालं, कोणी म्हणालं सून आली म्हणून आता आराम करून राहिली. ते शेवटचं मला फार लागलं, कारण मला तोवर धड चूलही पेटवता येत नव्हती.

तेल लावा म्हणावं, तर आत्याबाईंचा नेमच होता: वेचणीच्या दिवसांत हाताला तेल लागू द्यायचं नाही. तेलकट बोटांचा डाग पांढऱ्या कापसावर लगेच उठतो. म्हणून हंगामभर त्या रोज पहाटे कढत पाण्याने आणि चुलीतल्या राखेने हात कोपरापर्यंत घासायच्या. तेलाचा अंशही उरू नये म्हणून. भाजीला फोडणीसुद्धा त्या दिवसांत काकू द्यायच्या. काकू म्हणजे आत्याबाईंच्या धाकट्या जाऊ, चंद्रभागाकाकू.

"आत्याबाई, हात उकलून राहिले तुमचे," मी एकदा चाचरत म्हटलं. सासरची भाषा मी तेव्हा नुकती शिकत होते आणि उगाच वापरत होते.

"हात माये हायेत. कापूस लोकाइचा हाय," त्या म्हणाल्या आणि आणखी मूठभर राख घेतली.

असं वेड फक्त कापूसवाल्यांनाच सुचेल. एकीकडे कातडी आतून सुकत चाललेली, आणि दुसरीकडे ती बाई कापसाच्या पांढरेपणासाठी तिच्यावर राख घासते आहे. आज मी हसते, पण तेव्हा ते पाहताना माझ्याच बोटांची आग व्हायची.

पहिल्या वेच्याच्या, म्हणजे वेचणीच्या पहिल्या फेरीच्या, दिवशी वावरात सीतादही असते. कोपऱ्यातल्या पऱ्हाटीखाली पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा. मग मालकीण पहिली ओंजळ वेचते आणि आपल्या हाताने सगळ्या वेचणारणींच्या तळव्यावर दहीभाताचा काला घालते. तो खाल्ला की वेचणीला सुरुवात. दह्यासारखं पांढरं वावर फुटू दे, एवढंच मागणं असतं. मला ते सगळं इतकं आवडलं होतं, की मी माहेरी पत्रात लिहायची वाक्यंसुद्धा मनात जुळवत होते.

आत्याबाईंनी पहिलं बोंड वेचलं. उकललेल्या बोटाच्या भेगेत कापसाचा धागा अडकला, त्यांनी झटका दिला, आणि पांढऱ्या कापसावर रक्ताचा एक ठिपका उठला. तांदळाएवढा असेल. त्यांनी तो पुंजका चटकन ओटीत खाली सारला आणि काला वाटायला घेतला. पण काकूंनी पाहिलं होतं. त्यांनी तळवा पुढे केला, काला घेतला, तोंड वळवलं आणि घास पऱ्हाटीच्या बुडाशी टाकून दिला. मी शेजारीच उभी होते, म्हणून मला दिसलं. आत्याबाई पुढच्या बाईकडे वळल्या होत्या. त्यांना दिसलं नसावं असं मी धरून चालले.

संध्याकाळपर्यंत तो एक शब्द वावरातून गावात पोचला. रक्तपिती. महारोगाला जुनी माणसं हेच म्हणत. काकूंना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांच्या माहेरी त्यांच्या सख्ख्या काकाला हा रोग झाला होता आणि गावाने त्याला नदीपलीकडे झोपडी घालून दिली होती. लहानपणी त्या पलीकडे भाकरी ठेवून पळत परत यायच्या. एवढं भय ज्याने पोटात वागवलं, त्याला एक ठिपका पुरतो.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर एक वेगळा गडू दिसला. आत्याबाईंनी त्या गडूकडे पाहिलं, तो उचलला, पाणी प्यायल्या आणि पालथा घालून ठेवला. दुसऱ्या वेच्याला त्या गेल्या नाहीत. ओसरीवर बसून बाया आणतील त्या कापसातला कचरा तरी वेचावा म्हणून त्यांनी हात पुढे केला, तर काकू मान खाली घालून म्हणाल्या, "बाई, राहू द्या. बाया काम सोडतो म्हून राहिल्या." आत्याबाईंनी हात मागे घेतला. तो मागे घेतलेला हात मला आजही दिसतो. मला संताप आला होता आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, याची लाज इतक्या वर्षांनीही गेलेली नाही.

पण चार-पाच दिवसांनी भाकरी करताना आत्याबाईंच्या मनगटाला तव्याची कड लागली आणि त्या "अगं माय!" म्हणून अशा उडाल्या, की परातीतलं पीठ सांडलं. मी तशीच उठून ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे गेले. म्हटलं, आमच्या वडिलांनी शाळेत शिकवलं होतं, त्या रोगात कातडीला चटका कळत नाही. तुमच्या आईला कळतो, चांगला कळतो. लग्नाला सात महिने झाले होते आणि नवऱ्याशी एका दमात एवढं मी पहिल्यांदाच बोलले. हे जाऊन मामंजींशी बोलले, आणि मामंजींनी अकोल्याला न्यायचं ठरवलं.

मोटारीत आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या, पदराखाली हात झाकून. वाटेत दोन्हीकडे लोकांची वेचणी चालली होती. पूर्णा नदी ओलांडल्यावर एका वावराकडे पाहून म्हणाल्या, "कसं वेचून राहिल्या, पाह्य. पाल्यासगट ओरबाडते." मला हायसं वाटलं.

अकोल्याचे डॉक्टर वयस्क होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी हात उलटसुलट पाहिले, मामंजींच्या तोंडून रक्तपिती हा शब्द ऐकला आणि कंपाउंडरकडून कापूस मागवला. त्याचं एक बारीक टोक वळलं आणि म्हणाले, "बाई, डोळे मिटा. कापूस जिथे लागेल तिथे बोट ठेवायचं."

आत्याबाईंनी डोळे मिटले. मनगटाला लागला, त्यांनी मनगटावर बोट ठेवलं. कोपराला, कोपरावर. करंगळीच्या टोकाला, पायाच्या अंगठ्याला, कानाच्या पाळीला. एकदाही चुकल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांनी कापूस तर्जनीला लावला, तशी त्यांनी डोळे मिटलेले असतानाच तो चिमटीत धरला, जरासा चोळला आणि म्हणाल्या, "हा आखूड धाग्याचा हाय. कचराबी राह्यला याच्यात. कुटून घेता तुमी?"

डॉक्टर इतके हसले, की बाहेरचे रोगी आत डोकावले. "ज्या बोटांना एवढं कळतं त्यांना कसली आली रक्तपिती!" मला तेव्हा आत्याबाईंचा जो अभिमान वाटला, तसा नंतर माझी मुलं पहिली आली तेव्हाही वाटला नाही. खरं सांगते.

मग डॉक्टरांनी त्यांचा आवाज ऐकला, गळा चाचपला, नाडी मोजली, टाचेमागे छोटी हातोडी मारून पाहिली. गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, ती मंदावली म्हणजे सगळा देह मंदावतो, थंडी वाजते, कातडी सुकते, असं त्यांनी समजावलं. गोळ्या मुंबईहून मागवाव्या लागतील, लहान मात्रेने सुरुवात करायची आणि बंद करायच्या नाहीत. गोळी जनावरांच्या गळ्यातल्या ग्रंथीपासून करतात, हे त्यांनी मामंजींना बाजूला घेऊन सांगितलं. आत्याबाई एकादशी करणाऱ्या. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हनले?" मामंजी आकाशाकडे पाहत म्हणाले, "औषध हाय म्हनले." शेवटपर्यंत त्यांनी याहून एक शब्द जास्त सांगितला नाही.

कातडीचं शास्त्रही डॉक्टरांनीच सांगितलं. कढत पाणी नको, कोमट घ्या. साबण कमी, राख तर मुळीच नको. अंग घासून पुसू नका, टिपा, आणि ओलं असतानाच तेल लावा. गोळीचा गुण यायला महिने लागतील, तोवर कातडीला सांभाळायला हवं.

"मंग कापूस कसा वेचू?" आत्याबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ते तुम्हीच शोधा, बाई."

त्यांनी शोधलं. त्या हिवाळ्यात आमच्या ओसरीवर जे चाललं, त्याला मी तरी विद्याच म्हणते. तेल लावायचं ते दिवेलागणीला, कामं उरकल्यावर. हात कोमट पाण्यात बुडवायचे, टिपायचे आणि ओले असतानाच मी तिळाचं तेल चोळायचं. भेगांवर मेण आणि तेल एकत्र वितळवून केलेलं मलम. त्यावर मामंजींच्या जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या. सकाळी पट्ट्या सोडायच्या, कोरड्या फडक्याने हात टिपायचे आणि मग परीक्षा: एक स्वच्छ पांढरं बोंड चिमटीत शंभर अंक मोजेपर्यंत दाबून धरायचं आणि उजेडात पाहायचं. डाग उठला तर तेल जास्त झालं. दुसऱ्या दिवशी कमी. असं करत करत त्यांनी माप बसवलं: तळव्याला चार थेंब, बोटांना एकेक. पंधरा दिवसांनी बोंड कोरं निघालं. त्यांनी ते मला दाखवलं नाही, मामंजींना दाखवलं. मामंजींनी अकोटच्या व्यापाऱ्यासारखं ते उजेडात धरून पाहिलं आणि गंभीरपणे मान डोलावली.

तेल चोळता चोळता आम्ही दोघी बोलायला शिकलो. हात हातात असला की सासूचा फारसा धाक वाटत नाही. त्यांनी मला माझ्या नवऱ्याच्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या, मी त्यांना अमरावतीच्या शाळेतल्या. समोर काकू तांदूळ निवडत बसायच्या आणि ऐकत नसल्याचं भासवायच्या. ओसरीवर गडू मात्र अजून वेगळाच होता. डॉक्टरांचं म्हणणं मामंजींनी साऱ्या गावाला सांगितलं होतं. लोकांनी माना हलवल्या होत्या, आणि तरीही गडू वेगळाच राहिला.

गोळ्या येऊन दोनेक महिने झाले असतील. माघातली दुपार होती. आत्याबाई जात्यावरून उठून माझ्याकडे जवळजवळ धावत आल्या आणि कपाळ पुढे केलं. "पोरी, हात लावून पाह्य!" मी घाबरून हात लावला. कपाळ ओलं होतं. "घाम आला मले!" त्या म्हणाल्या. वर्षभर कातडीला घाम फुटला नव्हता हे मला तेव्हा कळलं. आम्ही दोघी त्या घामावर अशा हसलो, की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

परवा कल्याणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मला कधी येईल घाम?" मी म्हटलं, येईल. गोळी चुकवू नकोस, कढत शॉवरखाली उभी राहू नकोस, आणि तेल ओल्या अंगाला लाव. कातडी सावकाश बरी होते. तिला घाई केलेली आवडत नाही. ती म्हणाली, "मग पुढे काय झालं? पणजीला लोकांनी परत घेतलं?"

फाल्गुन लागला आणि शेवटचा वेचा आला. पऱ्हाटी वाळली होती, उरलीसुरली बोंडं शेंड्यांना होती. आदल्या संध्याकाळी आत्याबाईंनी दही विरजलं. सकाळी त्यांनी ओटी बांधली, डोक्यावर दहीभाताचं पातेलं घेतलं आणि वावराची वाट धरली. मी मागून निघाले.

"शेवटच्या वेच्याले कोन सीतादही करते, बाई?" एका वेचणारणीने विचारलं.

"पयली अर्धी राह्यली व्हती. ते पुरी करतो," आत्याबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, पार धुऱ्यापर्यंत गेला.

त्यांनी पाच खडे मांडले, निवद दाखवला. मग उभ्या राहून एकेक बोंड वेचत ओंजळ भरली आणि ती सगळ्यांसमोर धरली. पांढरीशुभ्र. पाल्याचा कण नाही, तेलाचा डाग नाही. मग त्यांनी काल्याचा पहिला घास हातात घेतला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. कोणाला बोलावलं नाही. बाया काकूंकडे पाहू लागल्या. मी पुढे व्हायला पाऊल उचललं, तर आत्याबाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि मी जागच्या जागी थांबले. सुनेने घेतलेल्या घासाला त्या दिवशी किंमत नव्हती, हे मला समजलं.

मग काकू पुढे आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि तळवा पसरला. आत्याबाईंनी त्यावर काला घातला. काकूंनी तोंड वळवलं नाही. सगळ्यांच्या देखत तो घास खाल्ला, तळवा चाटून पुसला, आणि पुन्हा पुढे केला.

"आनखीन एक द्या, बाई," त्या म्हणाल्या. "पयला मी टाकून देल्ला व्हता."

"मले मालूम हाय," आत्याबाई म्हणाल्या. "म्हून तर तुया वाटचा दुप्पट आनला."